कितवा महिना?



स्मृतिव्याख्यानात गर्भपात हा विषय कसा, असा प्रश्न पत्रिकेवरचे शीर्षक वाचून काहींना पडला असेल, आणि तो रास्त आहे. या विषयावर आपल्याकडे बोलणे होते ते एकतर कोर्टात वकिलांचे, नाहीतर माजघरात बायकांचे, तेही दबक्या आवाजात. दिवे लावून, स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून त्याचा विचार करावा, असे क्वचित घडते. जो विषय सभागृहात येत नाही त्याबद्दलची मते कुणी तपासत नाही. ती पिढ्यानपिढ्या तशीच वापरात राहतात. आज मला ही मतेच तपासायची आहेत. गर्भपात चांगला की वाईट, या प्रश्नावर हात वर करायला लावण्यासाठी मी आलेले नाही. माझा प्रश्न थोडा निराळा आहे. गर्भ जसजसा वाढतो तसतसे आपले मत बदलते. दुसऱ्या महिन्यात जे चालते ते सहाव्या महिन्यात चालत नाही. हे मत कुठून येते, ते कितपत खरे आहे, आणि मुख्य म्हणजे त्या मताप्रमाणे आपण वागतो का?

पोटुशी बाई दिसली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कितवा महिना? हा प्रश्न नुसता कौतुकाचा नाही. पहिले तीन महिने होईपर्यंत बातमी बाहेर सांगायची नाही, हा आपल्या घराघरातला नियम आहे. त्या काळात काही बिनसले तर 'राहिले नाही' एवढ्या दोन शब्दांत विषय मिटतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, त्यानंतर काही झाले तर घर वर्षभर सावरत नाही. म्हणजे आपल्या रीतीभातींनीच गर्भाला एका ठोक किमतीने मोजलेले नाही, चढत्या क्रमाने मोजले आहे. शास्त्रांनीही तेच केले. भ्रूणहत्येला महापातक म्हणणारी परंपरा आपल्याकडे आहेच. पण त्याच परंपरेतली मनुस्मृती गर्भ गळाला तर जितक्या महिन्यांचा गर्भ तितक्या रात्रींचे अशौच सांगते. सुश्रुताने चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ स्रवतो आणि पाचव्या-सहाव्यात तो पडतो असा फरक केला, आणि चेतना प्रकट होण्याचा काळही चौथा महिनाच मानला. इस्लामी धर्मशास्त्रातल्या अनेक पंडितांनी गर्भात प्राण येण्याचा काळ एकशेवीस दिवसांचा धरला, तोही चारच महिने होतो. आणि १८६० साली इंग्रजांनी दंडसंहिता केली तेव्हा ३१२ व्या कलमात गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, पण गर्भाची हालचाल आईला जाणवू लागली असेल तर सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ८८ झाला, हा भेद मात्र जागचा हलला नाही.

आता कुणी म्हणेल, हे झाले जुने ग्रंथ. आजचे लोक काय म्हणतात? आपल्याकडे लोकमत महिन्यावार मोजण्याची प्रथा नाही, ते वागण्यातूनच वाचावे लागते. पण अमेरिकेत गॅलप ही संस्था १९९६ पासून हे मोजते आहे. तिच्या २०२३ च्या पाहणीत पहिल्या तीन महिन्यांतला गर्भपात कायदेशीर असावा म्हणणारे ६९ टक्के निघाले, मधल्या तीन महिन्यांसाठी ३७, आणि शेवटच्या तीन महिन्यांसाठी २२. ज्या देशात या एका प्रश्नावर निवडणुका लढवल्या जातात, जिथे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने आपलाच पन्नास वर्षांचा निर्णय फिरवला, तिथेही सामान्य माणूस दोन टोकांवर उभा नाही. तो महिने मोजत बसला आहे, अगदी आपल्या माजघरातल्या आजीसारखा. (टोकांवर उभे राहणाऱ्यांचा आवाज मोठा असतो, म्हणून ते संख्येनेही मोठे वाटतात, हे जाता जाता.)

तेव्हा माझा पहिला मुद्दा असा की, महिने मोजण्याची ही वृत्ती अडाणीपणाची नाही आणि दांभिकपणाचीही नाही. सहा आठवड्यांचा गर्भ आणि सव्वीस आठवड्यांचा गर्भ सारखे नाहीत, हे शरीरशास्त्राला माहीत आहे तसे काळजालाही माहीत आहे. जे वाढत जाते त्याच्याबद्दलचे कर्तव्यही वाढत जाते, हा विचार पूर्णपणे समर्थनीय आहे. यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक बाजू म्हणते, जीव पहिल्या क्षणापासून जीवच, तेव्हा महिन्यांची भाषा ही पळवाट. ही श्रद्धा ज्यांची आहे त्यांनी ती आपल्या आयुष्यात जरूर पाळावी. पण समाज म्हणून आपण तसे कधीच वागलो नाही. दुसऱ्या महिन्यात गेलेल्या गर्भाचा दहावा-तेरावा आपण करत नाही, त्याची नोंद जन्ममृत्यूच्या दप्तरात होत नाही. जो नियम आपण शोकात पाळत नाही तो शिक्षेत मात्र पाळायचा, हे कसे जमणार? दुसरी बाजू म्हणते, शरीर बाईचे, निर्णय बाईचा, मग महिना कोणताही असो. या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल माझे म्हणणे एवढेच की, सव्विसाव्या आठवड्यात डॉक्टरपुढे जो प्रश्न उभा राहतो तो सहाव्या आठवड्यात नसतो, आणि तो नाहीच असे म्हटल्याने नाहीसा होत नाही.

त्या प्रश्नाचा चेहरा ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाने पाहिला. दोन मुलांची आई, प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर उपचार चालू, अंगावर पाजत असल्यामुळे पाळी येत नव्हती आणि म्हणून दिवस गेल्याचे कळलेच नाही. प्रकरण न्यायालयात आले तेव्हा सव्विसावा आठवडा चालू होता. सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली, मग एका डॉक्टरांनी विचारले की गर्भ जगू शकेल अशा अवस्थेत आहे, त्याचे हृदय आम्ही थांबवायचे का? दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला आणि १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींनी परवानगी नाकारली. त्या आठवड्यात वृत्तवाहिन्यांवर जी चर्चा झाली तिच्यात 'सव्वीस आठवडे' हा आकडा शेकडो वेळा आला. सव्वीस आठवडे लागले कसे, हा प्रश्न त्या मानाने फार थोड्यांनी विचारला.

इथून मी दुसऱ्या मुद्द्याकडे वळते. आपण तोंडाने विचारतो 'कितवा महिना', पण मनात आणखी एक प्रश्न असतो आणि निकाल बहुतेक वेळा त्यावर लागतो. तो प्रश्न असा: कुणाचे? नवऱ्याचे असेल तर गोष्ट वेगळी, नसेल तर वेगळी. लग्न झालेल्या, दोन लेकरांच्या बाईने तिसऱ्या वेळी गोळ्या घेतल्या तर शेजारीण म्हणते, 'मोकळी झाली बिचारी.' त्याच महिन्यात, त्याच गोळ्या कॉलेजातल्या मुलीने घेतल्या तर तीच शेजारीण काय म्हणते, हे मी सांगायला नको. महिना तोच, गर्भ तेवढाच, मत मात्र उलटे. मग आपण खरोखर गर्भाचा विचार करत होतो का?

हा दुसरा प्रश्न कायद्यातही शिरला होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्याचे मूळ ज्या समितीत आहे तिचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री शांतिलाल शहा होते. १९६४ साली समिती नेमली गेली, १९६६ च्या अखेरीला अहवाल आला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरतात, हे तिने सरळ मांडले. १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला: बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, वीसपर्यंत दोघांचे. त्या काळाच्या मानाने ही मोठी उडी होती, कितीतरी पुढारलेल्या देशांच्या आधीची. पण संततिनियमनाचे साधन फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाची सवलत देताना कायद्याने शब्द वापरले 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती'. पन्नास वर्षे ते शब्द तसेच राहिले. २०२१ च्या दुरुस्तीत त्यांच्या जागी 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' आले. तरीही वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीची जी यादी नियमांत दिली तिच्यात विधवा आणि घटस्फोटित आल्या, अविवाहित राहून गेली. जुलै २०२२ मध्ये पंचवीस वर्षांची एक अविवाहित तरुणी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली आणि नकार घेऊन परतली. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केले की असा भेद घटनेत बसत नाही. कायद्याचे दार उघडले, हे खरे. पण दवाखान्याच्या खिडकीवर 'मिस्टर कुठे आहेत?' हा प्रश्न थांबला का? सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिच्याखेरीज कुणाचीही संमती लागत नाही, नवऱ्याची तर नाहीच, हे १९७१ पासून कायद्यात लिहिलेले आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये नव्वदीच्या दशकात मनीषा गुप्ते, सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी बायकांशी बोलून अभ्यास केला, तेव्हा बायकांच्या अपेक्षा अगदी साध्या निघाल्या: काम लवकर व्हावे, बोभाटा होऊ नये, आणि नवऱ्याची सही मागू नये. जी सही कायदा मागत नाही ती मागितली जाऊ नये, एवढीच ती इच्छा होती.

'कुणाचे' हा प्रश्न किती जुना आहे ते पाहायचे तर थेट १८६३ च्या पुण्यात जावे लागेल. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकिकत जोतिरावांनी पुढे लिहून ठेवली आहे. ती फसवली गेली, दिवस राहिले, गर्भ पाडण्याचा प्रयत्न करूनही तो पडला नाही, शेवटी बाळ जन्मले आणि अब्रूच्या भयाने तिने ते मारले. शिक्षा झाली जन्मठेप, काळ्या पाण्याची. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर असाच खटला झाला. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सगळ्या बायकांनाच चारित्र्याचे धडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून उठल्या आणि १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झाली. या दोन खटल्यांकडे महिन्यांच्या दृष्टीने पाहा. आपल्या चढत्या मोजणीत सर्वांत वरच्या पायरीवरचे, म्हणजे जन्मलेल्या बाळाच्या हत्येचे, हे गुन्हे. आणि ते कुणाच्या हातून घडले? जिला दुसऱ्या महिन्यात कुणाला सांगता येत नव्हते, चौथ्यात नव्हते, सातव्यात तर नव्हतेच, तिच्या हातून. तिला पायरी पायरीने वर ढकलत कुणी नेले? जोतिरावांनी शिक्षेचे कलम वाढवण्याची मागणी केली नाही. त्यांनी दार उघडले आणि गुप्तपणे या, बाळंत व्हा, अशा पाट्या लावल्या.

हाच माझा तिसरा आणि मुख्य मुद्दा. उशीर हा बहुधा बाईचा निर्णय नसतो. तो आपण घडवतो, आणि मग त्याच उशिरासाठी तिला जाब विचारतो. हे भावनेच्या भरात केलेले विधान नाही. बिहार आणि झारखंडमध्ये दवाखान्यात आलेल्या तरुण स्त्रियांचा शिरीन जीजीभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. विवाहितांपैकी ९ टक्के जणींचा गर्भपात तीन महिने उलटून गेल्यावर झाला होता. अविवाहितांमध्ये हे प्रमाण होते २५ टक्के. आणि जिला जोडीदाराने पुरती साथ दिली नाही तिला उशीर होण्याची शक्यता कितीतरी जास्त. विचार करा, अविवाहित मुलीचे शरीर काही निराळे घड्याळ घेऊन येत नाही. नऊ आणि पंचवीस यांच्यामधले जे अंतर आहे ते भीतीचे आहे, पैशांचे आहे, कुणाला सांगावे या पेचाचे आहे. 'कुणाचे' या प्रश्नाने 'कितवा' या प्रश्नाचे उत्तर बदलून टाकले.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर नागपूरपासून फार दूर जायला नको. जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत एका खासगी रुग्णालयाच्या आवारात, बायोगॅसच्या टाकीत, कवट्या आणि हाडे सापडली. देशभर बातमी झाली. आकडे मोजले गेले, छायाचित्रे छापली गेली, चौकश्या बसल्या, बसायलाच हव्या होत्या. पण हे प्रकरण उजेडात आले ते कशावरून? तेरा वर्षांच्या एका मुलीच्या गर्भपाताच्या तक्रारीवरून. हाडांवर जितके लिहिले गेले त्याच्या शतांशाने तरी त्या वयाच्या मुलीसाठी सुरक्षित वाट कोणती, यावर लिहिले गेले का? अठरा वर्षांखालची मुलगी गर्भवती होऊन डॉक्टरकडे आली की पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हेतू चांगला, परिणाम असा की घाबरलेले आईबाप डॉक्टरकडे यायचेच टाळतात आणि आठवडे जातात. सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित तरुणीच्या प्रकरणातल्या २०२२ च्या त्याच निकालात सांगितले की मुलीची व पालकांची इच्छा असेल तर डॉक्टरने तिचे नाव व ओळख पोलिसांना देण्याची गरज नाही. ही गोष्ट किती तालुक्यांच्या दवाखान्यांत माहीत आहे? जुलै २०१७ मध्ये चंदीगडच्या दहा वर्षांच्या मुलीला बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वोच्च न्यायालयातून नकार मिळाला, कारण तेव्हा गर्भपात तिच्याच जिवावर बेतला असता. दहा वर्षांच्या मुलीला पाळी चुकणे म्हणजे काय हे कसे कळावे? तिथे उशिराला जबाबदार कोण होते?

इथवर ऐकून कुणाच्या मनात एक आक्षेप नक्कीच आला असेल, आणि तो महाराष्ट्रात टाळून चालणार नाही. आक्षेप असा: उशिराच्या गर्भपाताबद्दल आम्ही साशंक आहोत ते जुन्या विचारांमुळे नाही, मुली मारल्या जातात म्हणून. याला उत्तर देण्याआधी मान्य करायला हवे की ही शंका हवेतून आलेली नाही. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होती, २००१ मध्ये ९१३ झाली, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने नव्वदीच्या दशकात ग्रामीण भागात केलेल्या अभ्यासात विवाहित स्त्रियांच्या सुमारे सहापैकी एक गर्भपात मुलगी नको म्हणून झालेला आढळला. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेही दोन मुलींच्या आईचा तिसऱ्या वेळी जीव गेल्यावर. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या राज्याने केला, तो इथल्या चळवळीच्या रेट्यामुळे, ही अभिमानाची गोष्ट आहे. सोनोग्राफीत लिंग कळते ते साधारण तेराव्या-चौदाव्या आठवड्यानंतर, म्हणून मधल्या तीन महिन्यांकडे सगळे संशयाने पाहू लागले, हेही समजण्यासारखे आहे.

पण मग पुढे काय झाले? भिंतीभिंतींवर चित्रे आली: गर्भातली मुलगी आईला हात जोडून म्हणते, मला मारू नकोस. त्या चित्रात महिना नव्हता, सोनोग्राफीचे यंत्र नव्हते, मुलगाच हवा म्हणणारी सासू नव्हती, नवरा तर नव्हताच. फक्त आई होती, आरोपीच्या पिंजऱ्यात. गुन्हा गर्भलिंगनिदानाचा, डोळा मात्र सगळ्या गर्भपातांवर. छापे रेडिओलॉजिस्टच्या खोलीत पडायला हवे होते, ते औषधाच्या दुकानांवरही पडले. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत घ्यायच्या असतात. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी हे कळूच शकत नाही. (रक्ताच्या प्रचलित तपासणीने दहाव्या आठवड्याच्या आसपास कळू शकते, पण ते सांगणे बेकायदा आहे आणि नववा आठवडा तोवर संपलेला असतो.) म्हणजे ज्या गोळ्यांचा स्त्रीभ्रूणहत्येशी काडीचा संबंध नाही त्याच गोळ्या राज्यातल्या असंख्य दुकानदारांनी कटकट नको म्हणून ठेवणे बंद केले. परिणाम? डॉक्टरच्या चिठ्ठीवर दुसऱ्या महिन्यात जे घरी झाले असते ते चौथ्या महिन्यात टेबलावर होऊ लागले. मुली वाचवायच्या नावाखाली आपण उशीर वाढवला. भारतात २०१५ या एका वर्षात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला; त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले होते. बायकांनी आपली वाट आधीच निवडली आहे. ती वाट उजेडाची ठेवायची की अंधाराची, एवढेच आपल्या हातात आहे. लिंगनिदान करणाऱ्याला जरूर धरा, परवाना काढून घ्या, तुरुंगात टाका. पण त्याला यंत्रापाशी धरायचे असते, टेबलापाशी नाही.

आता चोवीस आठवड्यांच्या पलीकडे. तिथे आपल्या कायद्याने जी रेघ ओढली आहे ती लोकमताचा आरसा आहे, आणि त्या आरशात दिसते ते मला अस्वस्थ करते. २००८ साली मुंबईतल्या एका दाम्पत्याने, डॉ. निखिल दातार यांच्यासह, उच्च न्यायालयात धाव घेतली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष, तो कळला वीस आठवडे उलटून गेल्यावर. गर्भातले दोष दाखवणारी तपासणीच अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान होते, मग विसाव्या आठवड्याची मर्यादा कशी, असा तो साधा सवाल होता. न्यायालयाने परवानगी नाकारली. कायदा बदलायला पुढे तेरा वर्षे लागली. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भात मोठे व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने आठवड्यांची मर्यादाच काढून टाकली. चांगले झाले. पण त्याच कायद्यात बलात्कारातून गर्भ राहिलेल्या मुलीला मर्यादा आहे चोवीस आठवड्यांची. पंचविसाव्या आठवड्यात तिने उच्च न्यायालयाची पायरी चढायची. आपल्या नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढेही अशा याचिका येतात. म्हणजे बाळात दोष असेल तर आपण महिने विसरायला तयार आहोत. आईवर अत्याचार झाला असेल तर मात्र महिने मोजतो. अपंगांच्या चळवळीतली माणसे या तरतुदीवर फार दिवसांपासून बोट ठेवत आहेत आणि त्यांचे ऐकले पाहिजे. मी त्या दाम्पत्याची वाट बंद करा असे म्हणत नाही. जी उदारता आपण बिघडलेल्या गर्भाबाबत दाखवतो ती बिघडवलेल्या आयुष्याबाबत दाखवायला आपला हात का आखडतो, एवढेच विचारते.

रेघ कुठेही ओढली तरी ती माणसाच्या डोळ्यांनी वाचावी लागते, याचे सर्वांत कटू उदाहरण आपल्याच सीमाभागातल्या एका लेकीचे आहे. बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार, वय ३१, आयर्लंडमध्ये दंतवैद्य. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत. त्यांनी गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून नाकारला गेला. जंतुसंसर्ग अंगभर पसरून २८ ऑक्टोबर २०१२ ला त्या गेल्या. सहा वर्षांनी, २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के आयरिश मतदारांनी घटनेतली बंदी उठवली. तिथे मग बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता परवानगी असा कायदा झाला. लक्षात घ्या, सविता बारा आठवड्यांत बसत नव्हत्या. त्यांच्यासाठी आईच्या प्रकृतीचे निराळे कलम लागते, आणि तेही तिथे केले गेले. महिने मोजणाऱ्या लोकांनीच ते केले. बारा आठवड्यांपर्यंत मोकळीक आणि पुढे कारण पाहून, हा जो मधला मार्ग तिथे लोकांनी स्वीकारला, तो गॅलपच्या आकड्यांशी जुळतो, सुश्रुताशी जुळतो, आणि डोहाळजेवणाची तारीख ठरवणाऱ्या आपल्या आजीशीही.

शेवटचा आक्षेप. सुरुवातीचे महिने सोपे केले तर गर्भपात वाढतील, मुले-मुली बेफिकीर होतील. हा आक्षेप संततिनियमनावरही घेतला गेला होता. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत सल्लाकेंद्र काढले तेव्हा घेतला गेला. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. लोक बेफिकीर झाले का? संततिनियमन आज सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते आणि कुटुंबे सुखरूप आहेत. गर्भपात वाढतात की कमी होतात हे निरोध आणि संततिनियमनाच्या गोळ्या किती सहज मिळतात यावर ठरते, गर्भपात किती अवघड आहे यावर नाही. अवघड केल्याने एकच गोष्ट हमखास वाढते, ती म्हणजे महिने.

तेव्हा उशिराचा गर्भपात ज्यांना मनापासून नको आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही, उलट त्यांनाच माझी विनंती आहे. २०२१ च्या नियमांनी वैद्यकीय मंडळाला मत देण्यासाठी तीन दिवस आणि सगळी प्रक्रिया पूर्ण करण्यासाठी पाच दिवस दिले आहेत. त्याआधीचे दिवस कुणी मोजत नाही. गडचिरोलीच्या किंवा यवतमाळच्या गावातली बाई पहिल्यांदा ज्या आरोग्य केंद्रात गेली तिथून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात, प्रत्येक टप्प्यावर किती दिवस गेले? सोनोग्राफीची तारीख किती दिवसांनी मिळाली? कुणी सही मागितली, कुणी 'पोलिसांकडून लिहून आणा' म्हणून परत पाठवले? मेडिकल, मेयो, डागा या नागपूरच्या तिन्ही रुग्णालयांत बारा आठवड्यांनंतरच्या प्रत्येक गर्भपाताच्या कागदावर एक रकाना वाढवता येईल: ती पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा कितवा आठवडा होता? नाव नको, गाव नको, फक्त हा एक आकडा. वर्षाअखेरीला तो जाहीर करावा. कायदा बदलावा लागत नाही, पैसा लागत नाही. सभागृहात डॉक्टर बसले आहेत, नगरसेवक आहेत, वकीलही दिसतात. असा रकाना का घालता येणार नाही, याचे उत्तर मला आज इथे ऐकायला आवडेल. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे, तेव्हा इथे थांबते.